पल्प मुखपृष्ठांचा चित्रसंग्रह: काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकी पल्प मासिके (स्वस्त, खरबरीत कागदावर छापलेली रंजक कथांची मासिके) आणि पेपरबॅक यांच्या मुखपृष्ठ-चित्रकारांवरील हा जाडजूड चित्रसंग्रह गेले काही महिने माझ्या कामाच्या टेबलावर आहे. मी स्वतः पुस्तकांची मुखपृष्ठे करतो. त्यामुळे घेताना डोळा चित्रांवर होता, परंतु वारंवार वाचला गेला तो चित्रकारांच्या उपजीविकेविषयीचा मजकूर.

मार्गारेट ब्रंडेजवरील प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटते. शिकागोत राहून ती ‘वीअर्ड टेल्स’ या भय-अद्भुतकथांच्या पल्प मासिकासाठी पेस्टलमध्ये, म्हणजे खडूसारख्या कोरड्या रंगांत, मुखपृष्ठे करीत असे आणि एका चित्राचे तिला 90 डॉलर मिळत. सहीत ‘एम. ब्रंडेज’ एवढेच असल्याने चित्रकार स्त्री आहे, हे बऱ्याच वाचकांना ठाऊक नव्हते. 1938 साली मासिक न्यूयॉर्कला गेले, जरासा हात लागला तरी पुसली जाणारी ती चित्रे इतक्या लांब धाडणे जिकिरीचे झाले, आणि तिला मिळणारे काम आटत गेले. तिच्या चित्रांतील नग्नतेवरच रेंगाळणारे लेखन पुष्कळ आहे. येथे रंगसाहित्य, टपाल आणि मानधन यांचा हिशेब मांडलेला आहे, हे विशेष.

नॉर्मन सॉन्डर्सची कारकीर्दही अशीच बाजारामागून चालते. पल्प मासिके बंद पडू लागल्यावर तो पेपरबॅककडे वळला आणि 1962 साली टॉप्स कंपनीच्या ‘मार्स अटॅक्स’ या संग्राह्य चित्रकार्डांवर त्याने काम केले. वॉल्टर बाउमहोफर मात्र ‘डॉक सॅव्हेज’ या पल्प मासिकानंतर गुळगुळीत कागदावरच्या प्रतिष्ठित मासिकांत गेला, पल्पमधील बहुतेकांचे स्वप्न तेच होते.

छपाईबद्दल तक्रार नाही. अनेक मूळ चित्रे प्रकाशकांनीच टाकून दिल्याने काही पाने जुन्या अंकांवरून घेतलेली आहेत आणि त्यांत छपाईचे ठिपके दिसतात, ते समजण्यासारखे आहे. बांधणी मात्र गैरसोयीची आहे: पुस्तक सपाट उघडत नाही आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग शिवणीत जातो. चित्राखाली मूळ आकार दिलेला नाही, ही माझ्यासारख्याला जाणवणारी उणीव. शेवटचा पेपरबॅकचा भाग तर घाईत उरकलेला वाटतो. हजाराहून अधिक मुखपृष्ठे रंगवणाऱ्या रॉबर्ट मॅकगिनिसच्या वाट्याला त्यात मोजकीच पाने आली आहेत.