तानपुरा मांडीवर, पुस्तक समोर: आठ महिन्यांचा हिशेब

गेल्या दसऱ्याला मी गाण्यावरची पुस्तकं लावून वाचायला घेतली. वय ५४, सोलापुरात सुताच्या दुकानात हिशेब लिहितो, गळा बेताचा. काकांनी मिरजेहून आणलेला तानपुरा दहा वर्षं कपाटावर गवसणीत पडून होता, तो खाली काढला. पुस्तकं तीन तऱ्हेची जमवली: वाद्यं करणाऱ्यांवरची, रियाजाची आणि ‘संगीताने रोग बरे होतात’वाली. काही विकत घेतली, बाकी वाचनालयातून आणली.

पैसे वसूल झाले ते कारागिरांच्या पुस्तकांत. मिरजेचे फरीदसाहेब मूळचे शिकलगार, हत्यारांचं काम करणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते वाद्यांकडे वळले, एवढं ऐकून होतो. पण ज्यापासून तानपुऱ्याचा तुंबा होतो ते कडू भोपळे आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर भागातून मिरजेला जातात, हे मला पुस्तकाने सांगितलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं, त्यात आपलाही चार आणे वाटा आहे असं मी दुकानात सगळ्यांना सांगून झालंय.

खरी मजा जवारीच्या, म्हणजे तारेचा आवाज खुलवण्याच्या, प्रकरणात आली. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा किंचित उतरता असतो, तार त्याला घासत थरथरते, आणि तारेखाली सूत सरकवून ती घासण्याची जागा नेमकी करायची. पुस्तकात एवढंच: ‘सूत सरकवावे’. कुठलं सूत? दिवसभर सुताच्या गठ्ठ्यांत बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडावा! चादरीचं जाड सूत घातलं तर आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा झाला. मग दुपदरी बारीक सूत उलगडून एकच पदर घेतला आणि नखाने मागेपुढे करत बसलो. एका जागी, केसभर इकडे नाही की तिकडे नाही, तार एकदम उघडली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, मोबाइलवर लावलंय का?”

भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर लिहिलंय. तार बरोबर मध्यावर छेडली तर जुन्या नियमाप्रमाणे वरच्या सप्तकातला सा तिच्यातून ऐकू यायला नको. तानपुऱ्यात येतो. मी त्याच रात्री करून पाहिलं. आला.

एक तक्रार मात्र आहे. आपल्या उन्हाळ्याबद्दल कुठल्याच पुस्तकात अक्षर नाही. एप्रिलात पारा ४२ वर गेला आणि खुंट्या सुटायला लागल्या. सूर लावून पाणी प्यायला उठावं तोवर पंचमाची (प ची) तार उतरलेली. शेवटी खुंटीला खडू घासला, तो उपाय गाण्याच्या शिकवणीच्या बाईंनी सांगितला.

रियाजासाठी भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ घेतली. सहा भाग आहेत. मी पहिल्यातच आहे आणि त्याची लाज नाही. चिन्हं दोन दिवसांत येतात: खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र. स्वर मात्र कागदावर नसतो. मी पेटीवर गांधार (ग) तपासून घोटत होतो. बाईंनी महिन्याभराने ऐकलं आणि म्हणाल्या, “पेटी बंद करा. खर्जाची तार छेडा आणि गप्प बसा.” खर्जाची म्हणजे सगळ्यांत खालच्या सा ची. बसलो. तारेतून गांधार आपणहून बोलत होता, पेटीच्या गांधारापेक्षा जरासा उतरलेला. महिनाभर मी चढाच लावत होतो. जवारी साधली नसती तर तो ऐकूही आला नसता, म्हणून माझं म्हणणं, रियाजाचं पुस्तक आधी घेऊ नका. आधी वाद्य बोलतं करा.

आता उपचाराची पुस्तकं. त्यातली बरीचशी परत करा. एकात तर तक्ताच होता, या रोगाला हा राग, सकाळी इतकी मिनिटं. मला बीपी आहे. चार आठवडे इमानदारीने तक्ता पाळला. आकडा होता तिथेच, गोळीही तीच. गायक अब्दुल करीम खाँ प्लेगच्या तापात मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, ही कथा मला फार आवडते, पण तिच्या भरवशावर कोणी गोळी बंद करू नये.

पटलं ते मोजता येण्यासारखं. जपमाळ किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असा अभ्यास इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये छापलाय. मी घड्याळ लावून स्वतःचे मोजले. दुकानात सोळा, खर्जाचा सा लावताना पाच ते सहा. वीस मिनिटांनी उठतो तेव्हा डोकं हलकं असतं, त्याला कारण आहे म्हणायचं.

आणि एक पुस्तक मी परत केलं नाही, दंड भरतोय. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसून वाचा गेलेली माणसं गाऊ शकतात, आणि त्या गाण्याच्या वाटेने बोलणं परत आणायची एक पद्धत १९७३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी मांडली, हे त्यात आहे. माझ्या मावशीला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. हरिपाठ लावला की ती सुरात सगळा म्हणते, शब्दही चुकत नाही. पण तहान लागली तर ‘पाणी’ म्हणता येत नाही, भांड्याकडे बोट दाखवते. पाठ झालेलं गाणं आणि स्वतःचं बोलणं वेगळं, हे मला त्या पुस्तकामुळे समजलं. तोवर आम्ही सगळे ‘हरिपाठ येतो, मग हट्टच करते’ असं धरून चाललो होतो.

तिच्या डॉक्टरांना विचारून आता रविवारी तिच्याकडे बसतो. तिचा डावा हात हातात घेऊन मांडीवर हळू ठोके द्यायचे आणि ‘पाणी दे’ दोन सुरांत म्हणायचं, आधी मी, मग दोघं, मग ती. बहुतेक वेळा नुसतं गुणगुणणं येतं. गेल्या रविवारी ‘पाणी’ आलं. ‘दे’ राहिलं.