सुट्टीतलं लिखाण: रोज पहाटे, की सलग आठ दिवस?

१ मेला झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटून झाली की आम्हा शिक्षकांची सुट्टी लागते. कागदावर सहा आठवडे, विदर्भात त्याहून थोडी जास्त. त्यातून प्रशिक्षण, बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, चार लग्नं आणि वाळवण वजा करा. उरलेल्यात स्वतःचं काही लिहायचं म्हटलं तर दोन वाटा आहेत. मी दोन्ही चालून पाहिल्यात.

पहिली, रोज पहाटे पाच ते सहा. सकाळच्या शाळेमुळे जाग तशीही येतेच, आणि मे महिन्यात दहानंतर स्लॅबखाली बसवत नाही. तासाभरात माझं दीड पान होतं. वर्गातले प्रसंग, मुलांची वाक्यं, छोटे ललित लेख यांना ही पद्धत मानवते; एका बैठकीत एक तुकडा पुरा होतो. कथेचं मात्र जमत नाही. काल काय लिहिलं ते वाचून सूर सापडेपर्यंत दूधवाला येतो. शिवाय कुरडयांचा चीक शिजवायची वेळही नेमकी पहाटच, दिवसभराचं ऊन मिळायला हवं ना! त्या दोन-तीन दिवशी वहीचं नाव काढू नये.

दुसरी वाट म्हणजे सगळं सोडून आठ दिवस कुठेतरी जाणं. पहिले दोन दिवस फुकट जातात, हे धरूनच चालावं. शाळेचा ग्रुप ‘आजच माहिती सादर करावी’ म्हणत असतो आणि आपण नकळत मोबाईल उचलतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पात्रं बोलू लागतात. मग दिवसाला आठ-आठ पानं होतात. दिवाळी अंकाला कथा द्यायची असेल तर हाच मार्ग, कारण बरेच संपादक जून-जुलैतच साहित्य मागवतात आणि तोवर शाळा सुरू झालेली असते.

पण हे आठ दिवस मिळतात कुणाला? माझ्या ओळखीतले दोन सर दरवर्षी गावच्या घरी जाऊन लिहितात, डबा शेजारून येतो. मी माहेरी गेले होते. आईने खोली दिली, पंखा दिला. तिसऱ्या दिवशी मावशी आली, पाचव्या दिवशी भाचरं, आणि मी सगळ्यांना आमरस वाढत होते. कथा तीन पानांवर थांबली ती थांबलीच.

म्हणून माझा सल्ला असा: आजवर काहीच लिहिलं नसेल तर पहाट धरा. पंधरा दिवसांत निदान कळेल, आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे. अर्धवट कथा पडून असेल तर आठ दिवस काढा, फक्त माहेरी किंवा सासरी नकोत.

मग कुठे? गेल्या वर्षी मी तालुक्याच्या अभ्यासिकेत महिनाभराची फी भरली. स्पर्धा परीक्षावाली मुलं बसतात तिथे. गावाला जायला नको, घरच्यांना सकाळी दहा ते एक ‘कामाला जाते’ एवढं सांगितलं की पुरे. कामाला नाही म्हणायची कुणाची टाप नसते. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. चौथ्या दिवशी तेवढा माझाच एक जुना विद्यार्थी पाण्याच्या माठापाशी भेटला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “बाई, तुम्हीपण फॉर्म भरलाय?”