नवरा-बायकोचं कॅलेंडर: एकच खातं की दोन?

नवरा फोंड्याहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जातो आणि बायको शाळेत शिकवते, अशा घरात कोण कधी घरी असेल हे तोंडी सांगून लक्षात राहत नाही. पाळी बदलत राहते. शाळेत परीक्षा, पालकसभा, एखाद्या शनिवारचा कार्यक्रम असतो. मध्येच देवळातली सेवा येते, आईची तपासणी येते, कुणाचं तरी लग्न येतं. आमचं घर असंच आहे. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर दोघांचं मिळून एक कॅलेंडर चालवायचं ठरवलं तेव्हा आमच्यासमोर दोन वाटा होत्या आणि आता दोन्हींचा अनुभव घेऊन झाला आहे. ओळखीतली बरीच जोडपी सध्या याच निवडीपाशी अडली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो.

पहिल्या वाटेत दोघांसाठी मिळून एकच नवं गुगल खातं उघडायचं. पासवर्ड दोघांना ठाऊक, आणि तेच खातं कॉम्प्युटरवर आणि दोन्ही फोनवर. दुसऱ्या वाटेत ज्याचं खातं त्याच्याकडेच राहतं. घरासाठी एक वेगळं कॅलेंडर काढायचं आणि ते दोघांत सामायिक करायचं.

एकाच खात्याची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. परवानग्या नाहीत, निमंत्रणाचे मेल नाहीत, कोणतं कॅलेंडर निवडायचं हा प्रश्न नाही. हॉलमधून जाता-येता कुणीही ब्राउझरमध्ये नोंद करावी आणि ती लगेच दोन्ही फोनवर दिसावी. ज्यांना सेटिंगच्या पानांत शिरायचा कंटाळा आहे त्यांना हे खरंच सोपं पडतं. सुरुवात करायला यापेक्षा सरळ मार्ग मला तरी माहीत नाही.

माझा कौल फिरला तो रिमाइंडरमुळे.

एका खात्यात रिमाइंडर नोंदीला चिकटलेला असतो आणि ते खातं ज्या ज्या फोनवर आहे तिथे तो वाजतो. माझी पहिली पाळी असली की पहाटे कंपनीची बस असते, म्हणून त्याआधीचा रिमाइंडर मला हवाच. तो हिच्याही फोनवर वाजायचा. तिला तास-दीड तास आणखी झोप मिळाली असती. तिच्या शाळेत दुपारी स्टाफची बैठक असली की माझा फोन प्लँटच्या लॉकरमध्ये वाजत राहायचा. त्रास नुसता आवाजाचा नव्हता. आपल्या कामाचे नसलेले रिमाइंडर रोज येऊ लागले की माणूस स्क्रीनकडे न बघताच बोट फिरवून ते काढून टाकतो. त्या ओघात बांबोळीच्या हॉस्पिटलातल्या ओपीडीची आईची तारीखही निघून जाऊ शकते. ती दोघांच्या फोनवर वाजलेली असते, दोघांनीही ती बाजूला सारलेली असते, आणि दोघांनाही वाटत असतं की दुसऱ्याने पाहिली. हे लक्षात आलं तेव्हा मला काळजी वाटू लागली. आम्हाला एकमेकांचा दिवस दिसायला हवा होता, पण तो आपल्या फोनवर वाजायला नको होता. एका खात्यात या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. फोनवर सगळेच आवाज बंद करता येतात, पण मग जे हवे तेही बंद होतात.

बाकीच्या अडचणी लहान आहेत. नोंद कुणी केली हे कळत नाही, म्हणून नोंदीपुढे आद्याक्षर लिहायची सवय लावून घ्यावी लागते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर कोड ज्याच्या नंबरवर येतो त्याची वाट बघावी लागते. त्या खात्याबरोबर मेल, संपर्क आणि फोटोही फोनवर येऊन बसतात, ते वेगळे बंद करावे लागतात. एवढं मी चालवून घेतलं असतं.

आता दुसरी वाट. इथे कुणी सुचवेल की वेगळं कॅलेंडर कशाला, दोघांनी आपापलं मुख्य कॅलेंडरच एकमेकांना पूर्ण उघडं करावं. ते करून पाहायला हरकत नाही, पण एक बारीक गोष्ट लक्षात असू द्या. गुगलमध्ये परवानगीचे चार स्तर आहेत: फक्त मोकळी वेळ की व्यस्त एवढं दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदी बदलता येणं, आणि बदलण्याबरोबर पुढे इतरांना देताही येणं. बदलण्याचा अधिकार दिलात की ‘खाजगी’ म्हणून ठेवलेल्या नोंदीही समोरच्याला दिसतात. वाढदिवसाची भेट गुपचूप आणायची असेल तर तिथे लिहू नये. शिवाय घराची कामं कुणाच्या कॅलेंडरात लिहायची हा घोळ राहतोच.

आमच्याकडे जे टिकलं ते असं. माझ्या खात्यात ‘घर’ नावाचं एक नवं कॅलेंडर काढलं आणि ते हिला बदलाच्या अधिकारासह दिलं. त्याशिवाय माझं मुख्य कॅलेंडर तिला नुसतं दिसतं आणि तिचं मला. पाळी माझ्या कॅलेंडरात, पालकसभा तिच्या, आणि आईची तपासणी, गॅस, विजेचं बिल, लग्नाची आमंत्रणं, देवळातली सेवा ‘घर’मध्ये. माझी पहिली पाळी तिला तिच्या स्क्रीनवर एका रंगात दिसते आणि रिमाइंडर फक्त मला येतो. मला हवं होतं ते हेच.

हे जुळवायला कॉम्प्युटर सोयीचा पडतो, म्हणून तो घरी असणं कामाचं ठरतं. कॅलेंडर काढणं आणि वाटून देणं ब्राउझरमध्येच करा. ज्याला दिलं त्याला मेल जातो आणि त्यातल्या दुव्यावर टिचकी मारल्याशिवाय ते कॅलेंडर त्याच्या यादीत येत नाही. पुष्कळांचं गाडं इथेच अडतं, कारण तो मेल कुणी उघडतच नाही.

या पद्धतीतही एक खोच आहे आणि ती न सांगता पुढे जाणं बरोबर होणार नाही. सामायिक कॅलेंडरात रिमाइंडर ज्याचा त्याचा असतो. मी ‘घर’मध्ये नोंद करून त्यावर तासभर आधीचा रिमाइंडर लावला तर तो मला एकट्यालाच मिळतो. हिला तो मिळावा असं वाटत असेल, तर तिच्या खात्यातून ‘घर’च्या सेटिंगमध्ये जाऊन तिथे नेहमीचा रिमाइंडर ठरवून द्यावा लागतो. दिवसभराच्या नोंदींसाठी वेगळा रकाना आहे, तोही भरायचा, नाहीतर बिलाची शेवटची तारीख गुपचूप निघून जाते. हे दोन्ही खात्यांत एकदा केलं की पुन्हा बघावं लागत नाही. त्याच पानावर रोजच्या कार्यक्रमाचा मेल मागवायची सोय आहे. तो पहाटे पाचला येतो. पहिल्या पाळीच्या माणसाला चहाबरोबर वाचायला ती वेळ चांगली आहे.

दुसरं, नवी नोंद आपोआप आपल्या मुख्य कॅलेंडरात जाते. ‘घर’ निवडायची आठवण ठेवावी लागते. जीमेलमध्ये आलेली तिकिटंही मुख्य कॅलेंडरातच येतात, आणि मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर ती फक्त आपल्यालाच दिसतात. मडगावहून गाडी पकडायची असेल तर तिची वेगळी नोंद ‘घर’मध्ये करून घ्यायची, कारण जीमेलवरून आलेली नोंद दुसऱ्या कॅलेंडरात हलवता येत नाही. कटकट आहे, पण तेवढ्यापुरतीच. नको त्या आवाजासारखी ती रोज मागे लागत नाही.

हॉलमधल्या कॉम्प्युटरवर दोन खाती कशी नांदवायची? एकाच ब्राउझरच्या खिडकीत दोघांनी लॉगिन करू नये, नोंद भलत्याच्याच नावावर जाते. क्रोममध्ये दोन प्रोफाइल करून प्रत्येकाला वेगळा रंग द्यावा, एवढं पुरतं. विंडोजमध्ये दोघांची वेगळी लॉगिन असतील तर त्याहून नीट.

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी एक वेगळा विचार आहे. त्यात कॅलेंडर आता अंगभूतच असतं आणि गुगलची कॅलेंडरंही जोडता येतात. ऑफलाइनची खूण करून ठेवली की कॅलेंडरची प्रत कॉम्प्युटरवर राहते. आषाढात झाड पडून ब्रॉडबँडची तार तुटली की नेट परत कधी येईल ते सांगता येत नाही. अशा वेळी पुढचा आठवडा समोर दिसत राहतो, याचं मोल पावसाळ्यात कळतं. मी ते ठेवलं आहे, पण पाहण्यापुरतंच. वाटणं, परवानग्या, रिमाइंडरचे रकाने यांसाठी ब्राउझरकडेच जावं लागतं.

ॲपल आणि मायक्रोसॉफ्टचं थोडक्यात सांगतो. दोघांकडे आयफोन असतील तर आयक्लाउडचं सामायिक कॅलेंडर उत्तम चालतं आणि कुणी बदल केला की दुसऱ्याला कळवतंही. मात्र घरचा कॉम्प्युटर विंडोजचा असेल तर ते ब्राउझरमधून उघडावं लागतं किंवा आउटलुकशी जोडावं लागतं. एकाकडे अँड्रॉइड असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही. विंडोजमधलं जुनं कॅलेंडर ॲप ज्यांना आवडायचं त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने 31 डिसेंबर 2024 ला ती सोय थांबवली आणि नवं आउटलुक पुढे केलं. ज्यांचं ऑफिस त्यावरच चालतं त्यांना ते सोयीचं पडेल. गुगलचं स्वतःचं कुटुंब कॅलेंडरही आहे. कुटुंबाचा गट केला की ते आपोआप तयार होतं. मुलं कॉलेजात असतील तर तेही बरं. मला हाताने काढलेलं ‘घर’ जास्त आवडतं, कारण पुण्याच्या भावाला त्यातलं नुसतं पाहायला देता येतं, त्याला गटात घ्यावं लागत नाही.

सण-जत्रांच्या बाबतीत मात्र दोन्ही वाटा सारख्याच अपुऱ्या पडतात. कॅलेंडरात ‘दरवर्षी’ म्हटलं की ते इंग्रजी तारखेने पुन्हा येतं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला, आणि 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला गेली. गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, आपल्या देवळातली सेवा तिच्या तिथीला, वडिलांचं श्राद्ध त्यांच्या तिथीला. यांतलं काहीच दरवर्षीच्या पुनरावृत्तीत बसत नाही. गुगलची सणांची यादी चालू केली तर मोठे सण येतात, गावची जत्रा येत नाही. नवं कालनिर्णय घरी आलं की आम्ही दोघं कॉम्प्युटरपाशी बसतो. आई तिथ्या वाचून सांगते, आम्ही एकेक ‘घर’मध्ये घालतो. घरात कुणी धोंड, म्हणजे लईराईचं व्रत धरणारा भक्त, असेल तर व्रताचे दिवसही तेव्हाच घालून ठेवावेत, म्हणजे त्या दिवसांत बाहेरच्या जेवणाचं आमंत्रण कुणी स्वीकारत नाही. महिन्याचं पान छापून कालनिर्णयाशेजारी लावतो, ते आईसाठी.

ज्यांच्या घरचा माणूस आखातात किंवा बोटीवर आहे, त्यांना तर मी दुसरीच वाट धरा म्हणेन. कुवेतचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे, दुबईचं दीड तास. वेळ घातलेली नोंद ज्याच्या त्याच्या घड्याळाप्रमाणे दिसते. इथे रात्री नऊला बोलायचं ठरवलं की कुवेतच्या फोनवर साडेसहा दिसतात आणि हिशेब करावा लागत नाही. बोटीवर नेट मिळेल तेव्हा तो आपल्या फोनवर घरचे दिवस पाहू शकतो, आणि इथल्या गॅस-बिलाचे रिमाइंडर त्याच्या ड्यूटीत वाजत नाहीत. एकच खातं असेल तर परदेशातून लॉगिन करताना ओळख पटवायचा कोड गोव्यातल्या फोनवर येऊ शकतो, आणि तेव्हा इथे मध्यरात्र असू शकते.

एकच खातं कुणाला शोभतं? माझ्या सासू-सासऱ्यांना. दोघंही निवृत्त, दिवसभर घरी, नोंदी मोजक्याच: डॉक्टर, बँक, भजनाची वेळ. त्यांना दोन्ही फोन वाजलेले हवेच असतात, कारण एकाने नाही ऐकलं तरी दुसरा ऐकतो. तिथे मी वेगळं काही सुचवलं नाही. तुमच्याकडेही दोघांचा दिवस जवळजवळ सारखाच असेल तर कदाचित तेवढं पुरेल. पाळ्या, शाळा, परगाव यांतलं काहीही असेल तर मला वाटतं दोन खाती आणि मध्ये एक ‘घर’ हेच बरं.

एका खात्यावरून दुसरीकडे जायचं तर जुन्या नोंदी हाताने लिहायची गरज नाही. कॉम्प्युटरवर जुन्या खात्याच्या सेटिंगमधून कॅलेंडर निर्यात करा. फाइल झिपमध्ये उतरते, ती सोडवा आणि आपल्या खात्यात आयात करताना खाली कॅलेंडर म्हणून ‘घर’ निवडा. ते निवडलं नाही तर सगळं आपल्या मुख्य कॅलेंडरात जाऊन बसतं आणि एकेक करून हलवावं लागतं. आयात नीट झाली याची खात्री करून जुनं खातं दोन्ही फोनवरून त्याच दिवशी काढा, नाहीतर प्रत्येक रिमाइंडर दोनदा येत राहील.