व्हीटीपी: दुसरी आवृत्ती काढा, तिसरी लावा

नवा व्हीलॅन (एकाच नेटवर्कमधला वेगळा आभासी गट) बनवायचा म्हणजे एकेका स्विचवर (नेटवर्कची यंत्रं जोडणाऱ्या पेटीवर) लॉगिन करा आणि तोच नंबर, तेच नाव पुन्हा टाइप करत बसा. बाराव्या-तेराव्या स्विचपर्यंत १२० चा १०२ झालेला असतो. सिस्कोच्या व्हीटीपीत (व्हीलॅनची यादी स्विचांमध्ये वाटणारा प्रोटोकॉल) हे काम एकाच स्विचवर करायचं, ट्रंकवरून (स्विचांना जोडणारी, अनेक व्हीलॅन नेणारी लिंक) यादी बाकीच्यांकडे आपोआप जाते. सोय झकास आहे, पण आवृत्ती कोणती हे आधी बघा.

दुसऱ्या आवृत्तीत ज्याचा रिव्हिजन नंबर (यादी बदलली की वाढणारा आकडा) मोठा, त्याचं खरं. मग तो सर्व्हर (यादी बदलू शकणारा स्विच) असो नाहीतर क्लायंट (यादी नुसती घेणारा). मी एकदा लॅबमधला जुना स्विच उचलून रॅकला लावला. स्टार्टअप कॉन्फिग पुसलं होतं, म्हणजे स्विच कोरा झाला असं धरून चाललो. पण व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या व्हीलॅन-डॉट-डॅट फाइलीत असते, ती तशीच राहिलेली. डोमेनचं नाव तेच, पासवर्ड कुठेच नाही. लॅबमध्ये खेळून त्याचा नंबर ८७ वर गेलेला, आमचा चालू नंबर ४१. ट्रंक चालू झाला, त्याच्या यादीने आमची यादी पुसली आणि सगळ्या मजल्यांवरचे पोर्ट धडाधड ‘इनॅक्टिव्ह’. चूक माझीच. लावण्याआधी त्याला ट्रान्सपरंट मोडमध्ये (दुसऱ्यांची यादी न घेणारा मोड) टाकून परत आणला असता, तर नंबर शून्य झाला असता.

तिसऱ्या आवृत्तीत हे भोक बुजवलंय. यादी बदलण्याचा हक्क फक्त प्रायमरी सर्व्हरला, आणि तो हक्क कमांड देऊन घ्यावा लागतो. पासवर्ड हिडन ठेवला असेल तर तोही पुन्हा मागतो. स्विच रीलोड झाला की प्रायमरीपण जातं. सुरुवातीला याचा वैताग यायचा, आता बरंच वाटतं. शिवाय दुसरी आवृत्ती व्हीलॅन नंबर १००५ वर थांबते, तिसरी ४०९४ पर्यंतचे व्हीलॅन पोचवते.

दुसऱ्या कंपनीचे स्विच मध्ये असतील तर मात्र याचा उपयोग नाही, तिथे स्क्रिप्टच लिहा.

आणि व्हीटीपी फक्त यादी पोचवतं. कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये आणि ट्रंकवर कोणाला परवानगी, हे तुमचं तुम्हीच बघायचं. परवाच आमच्या नव्या मुलाने ट्रंकच्या यादीत एक व्हीलॅन वाढवताना ‘अ‍ॅड’ हा शब्द गाळला. तो व्हीलॅन एकटा राहिला, बाकी सगळे उडाले. “सर, व्हीटीपी गंडलंय,” म्हणत आला. व्हीटीपी बिचारं जागच्या जागी होतं.