साधी प्लेट की नॉर्मलाइज्ड?

२५ मिमी जाडीची एसए-५१६ ग्रेड ७० प्लेट, म्हणजे प्रेशर व्हेसलसाठीचं (दाबाखालची टाकी) कार्बन स्टील. भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये हा वाद दर दुसऱ्या ऑर्डरला होतो, कारण खरेदीवाल्याला किलोमागचा भाव दिसतो आणि मला एमडीएमटी, म्हणजे टाकी ज्या किमान तापमानापर्यंत वापरायची ते डिझाइन तापमान.

एएसएमई सेक्शन आठ, डिव्हिजन एक या प्रेशर व्हेसलच्या अमेरिकी कोडमधल्या यूसीएस-६६ नियमात जाडीनुसार किमान तापमान सांगणारे वक्र आहेत; साधी, म्हणजे रोल करून तशीच आलेली, प्लेट बी वक्रावर बसते. या जाडीला इम्पॅक्ट टेस्टशिवाय (थंडीत नमुना ठोकून तो ठिसूळ होतो का ते पाहणं) साधारण शून्य अंशापर्यंतच मुभा. पुण्यातच उभा राहणारा एअर रिसीव्हर, म्हणजे दाबाची हवा साठवायची टाकी, असेल तर बास झालं. इथली कडाक्याची थंडीही शून्याच्या वरच थांबते.

नॉर्मलाइज्ड म्हणजे ९०० अंशांच्या आसपास तापवून हवेत निववलेली. दाणा बारीक होतो, डी वक्र लागू होतो, तीच जाडी सुमारे उणे ३४ पर्यंत जाते. उणे २९ मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मी हीच घेतो. साधीची चार्पी, म्हणजे तीच इम्पॅक्ट टेस्ट, करता येते म्हणा, १० बाय १० मिमीचे तीन नमुने, व्ही खाच. पण नापास झाली की प्लेट घेऊन बसा! आणि वेल्डची टेस्ट वेगळीच. ४० मिमीच्या वर वादच नाही, स्पेसिफिकेशनच नॉर्मलाइजिंग मागतं.

फक्त डिश एंड (टाकीचं बशीसारखं टोक) गरम करून दाबणार असाल तर आधीच विचारा: तापमान घसरलं किंवा फार चढलं, तर नॉर्मलाइजिंगचा परिणाम पुसला जातो आणि डी वक्राचे पैसे तिथेच गेले.