बडोद्यातलं मॅथेमॅटिकल मॉडेलिंगचं वर्कशॉप: दुसरा दिवस वाया, चौथ्या दिवसाने पैसे वसूल

दोन-तीन ज्युनियर्सनी विचारलं की ताई ते मॉडेलिंगचं वर्कशॉप करू का, म्हणून एकदाच लिहून टाकते. आयोजकांचं नाव मुद्दाम घेत नाही कारण पुढे थोडं रडगाणंही आहे. मी एम.फार्म करून पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला, काम रॅट्सवर, म्हणजे तोंडावाटे डोस द्यायचा, ठरलेल्या वेळी रक्त काढायचं आणि प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात, औषध किती उरलंय ते मोजायचं. गणिताशी माझं कधीच फार पटलं नाही. फी साडेतीन हजार, चहा-जेवण धरून, पाच दिवस. हॉल अलकापुरीत, मे महिना, दोन एसींपैकी एक बंद. जेवण चांगलं होतं, एक दिवस आमरसही होता, असो.

पहिल्या दिवशी सरांनी लॅपटॉप उघडूच दिले नाहीत. टेबलावर एक लिटरचा बीकर, त्यात जिलबीत घालतात तो खायचा रंग, आणि काम काय तर १०० मिली रंगीत पाणी काढायचं, १०० मिली साधं पाणी ओतायचं, ढवळायचं, कलरिमीटरवर (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) रीडिंग घ्यायचं, परत तेच. मला वाटलं हे काय पोरखेळ. पण सातव्या वेळेला रंग निम्म्याच्या खाली गेला आणि वहीत उतरता ग्राफ आला तो अगदी माझ्या प्लाझ्माच्या ग्राफसारखा, सुरुवातीला धाडकन आणि मग रेंगाळत. दर वेळी दहा टक्के जातं म्हणून मी हुशारीने पाठ असलेल्या सूत्राने ०.६९३ भागिले ०.१ करून हाफ-लाइफ, म्हणजे रंग निम्मा व्हायला किती वेळा ओतावं लागेल ते, ६.९ काढलं, बीकर मात्र म्हणतो साडेसहाच्या जरा पुढे. सरांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही घोटाघोटाने काढताय, किडनी सतत काढत असते, तुमचं सूत्र किडनीचं आहे." हे मी एम.फार्मला दोन वर्षं घोकलंय पण कोणी असं दाखवलं नव्हतं.

दुसरा दिवस म्हणजे नुसती बोंब. पायथन इन्स्टॉल करण्यात दुपारचा एक वाजला, वायफाय रडत होतं, कॉलेजने दिलेले लॅपटॉप पासवर्ड मागत होते, आणि जेवणानंतर एक असिस्टंट स्क्रीनवर भराभर कोड पुढे सरकवत गेला, गणितवाले जांभया देतायत, आम्ही बायोवाले कंस आणि स्वल्पविराम उतरवून घेतोय, कशासाठी ते विचारू नका. आठवडाभर आधी मेल करून "घरून इन्स्टॉल करून या" एवढं सांगितलं असतं तरी अर्धा दिवस वाचला असता. फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलंय, बघू.

तिसरा दिवस साथींचा. करमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचा १९२७ चा पेपर, ज्याच्यातून ते एसआयआर मॉडेल (लोकांचे लागण होण्याजोगे, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले असे तीन गट) सगळीकडे गेलं, करोनात आपण सगळ्यांनी ऐकलेलं तेच. मला माहीत नव्हतं की त्या पेपरमधला आकड्यांचा नमुना आपल्या मुंबईचा आहे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधला प्लेग! त्यांच्या सूत्राचा शेंडा येतो १७ व्या आठवड्यात, आठवड्याला ८९० मृत्यू, आणि खऱ्या आकड्यांचे ठिपके त्या रेषेवर इतके छान बसतात की हॉलमधून वा निघाली. तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "ह्या सूत्रात उंदीर कुठे आहे? पिसू कुठे आहे?" सगळे गप्प. मॉडेल धरून चाललंय की माणसाचा रोग माणसाला, आणि लागण होण्याजोगे लोक संपत आले की साथ उतरते. पण तो प्लेग उंदरांच्या पिसवांनी पसरायचा आणि मुंबईत वर्षानुवर्षं ठराविक ऋतूत परत डोकं काढायचा. आमच्या घरी पणजीची गोष्ट सांगतात की घरात उंदीर मरून पडला की लोक बिऱ्हाड उचलून गावाबाहेर झोपडीत राहायला जायचे, म्हणजे पणजीला जे ठाऊक होतं ते त्या रेषेत नव्हतंच. तरी त्या दोघांना नावं ठेवायची नाहीत हं, मॅकेन्ड्रिक इथे सैन्याच्या वैद्यकीय सेवेत काम केलेला डॉक्टर, करमॅक केमिस्ट्रीवाला, १९२४ मध्ये लॅबमधल्या स्फोटात त्याची दृष्टी गेली होती, आणि त्यानंतर हे गणित. सेमिकोलनला घाबरणाऱ्या मला जरा लाजच वाटली.

आता चौथा दिवस, ज्याच्यासाठी मी हे लिहितेय. एक बायोवाला आणि एक गणितवाला अशा जोड्या लावल्या होत्या, माझ्या जोडीला रावपुऱ्यातली गणितात एम.एस्सी. करणारी मुलगी आली. तिचा पहिलाच प्रश्न, "अगं, प्लाझ्मा म्हणजे रक्तच ना?" म्हटलं झालं. पण माझा स्वतःचा डेटा टाकला आणि तिने पाच मिनिटांत फिट, म्हणजे त्या ठिपक्यांवर बसणारी रेषा, काढून दिला, शोषणाचा रेट तासाला १.२, बाहेर जाण्याचा ०.३, म्हणजे हाफ-लाइफ २.३ तास, माझ्या थीसिसमध्ये हेच आहे. मी खूश. ती मात्र म्हणाली, थांब गं, आणि दोन्ही आकड्यांची अदलाबदल करून व्हॉल्यूम (औषध शरीरात जेवढ्या जागेत पसरलंय असं धरतात ती) एक चतुर्थांश केला. ग्राफ हुबेहूब तोच! केसाचाही फरक नाही, आणि हाफ-लाइफ ३५ मिनिटं. आमच्यात ह्याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात, म्हणजे शोषणच हळू असलं की ग्राफचा शेवटचा उतार बाहेर जाण्याचा नसून शोषणाचा असतो, पुस्तकात वाचलेलं होतं, पण ते माझ्याच रॅट्समध्ये दडून बसलंय हे कधी मनात आलं नव्हतं. सरांना हाक मारली, ते खुर्ची ओढून बसले, म्हणाले, "ह्यातलं खरं कोणतं ते आता कॉम्प्युटरला विचारू नकोस, शिरेतून डोस देऊन बघ." शिरेतून दिलं की शोषणाचा प्रश्नच उरत नाही, नुसता बाहेर जाण्याचा रेट मिळतो.

आणि ह्या सेशनला वेळ किती, तर पाऊण तास! पहिल्या दिवसाचा बीकर आणि हे, एवढ्यावरच तीन दिवस करा की हो. पाचव्या दिवशी प्रेझेंटेशन, पाहुण्यांची भाषणं आणि सर्टिफिकेट, त्यावर माझं आडनाव चुकलेलं.

तर करा, पण पायथन घरून टाकून जा आणि स्वतःचा डेटा न्या, ज्यांनी नेला नव्हता ते चौथ्या दिवशी दुसऱ्यांच्या स्क्रीनमध्ये डोकावत बसले. मी सोमवारी गाइडना दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवून दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, सहा रॅट्स अजून लागतील, एथिक्स कमिटीचा फॉर्म आजच भरायला घे.