खंडूच्या गोळ्या : ५४ किलोंच्या कुत्र्याला घेऊन पुणे ते गुहागर

आमचा खंडू ग्रेट डेन, पाच वर्षांचा, वजन ५४ किलो. आमचं कुलदैवत जेजुरीचं आणि खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, म्हणून हे नाव. स्वभावाने गरीब, पण गाडीचा दरवाजा उघडला की अंग थरथरायला लागतं, लाळेच्या तारा लोंबतात, आणि कात्रजचा बोगदा येईपर्यंत तो पुढच्या सीटवर यायला बघतो. लहान कुत्र्याला मांडीवर घेऊन थोपटता येतं. ५४ किलोंचं जनावर चालकाच्या खांद्यावर पंजा टाकतं तेव्हा सगळ्यांच्याच जिवावर बेततं. म्हणून औषध. दोन प्रकारची देऊन झाली आहेत, त्यांचा हा अनुभव.

पहिला शिमग्याला. घराजवळच्या एका डॉक्टरांनी निघण्याआधी ॲसेप्रोमॅझिन या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन दिलं. वजन विचारलं, मी अंदाजाने सांगितलं, तेच लिहून घेतलं. छातीला स्टेथोस्कोप लावला नाही. खंडू वीस मिनिटांत आडवा झाला आणि आम्हाला हायसं वाटलं. पण खंबाटकीच्या चढाला ट्रकचा हॉर्न वाजला तसा तो दचकला, उठायला गेला, आणि पाय साथ देईनात. डोळ्यावर आतली तिसरी पापणी अर्धी चढलेली, त्याच्याआड बुबुळ भिरभिरतंय. तो शांत झालाच नव्हता. घाबरलेलाच होता, फक्त पळता येत नव्हतं. कोयनानगरला पाणी पाजायला थांबलो तर त्याला उभंही राहता येईना. गुहागरला पोचेपर्यंत मी त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसले.

हे औषध स्नायू ढिले करतं, हालचाल मंदावतं, पण भीतीवर त्याचा फारसा इलाज नाही, हे नंतर कळलं. शिवाय त्याने रक्तदाब उतरतो आणि शरीराला स्वतःचं तापमान सांभाळणं जड जातं. डेनसारख्या अवाढव्य जातींमध्ये आणि बॉक्सरमध्ये त्याचा परिणाम जास्त होतो. मार्चच्या उन्हात घाट उतरताना आम्ही केवढा धोका पत्करला होता, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. ॲसेप्रोमॅझिनला त्याची जागा असेल, योग्य हातात, योग्य कुत्र्यासाठी. प्रवासाच्या भीतीवर एकटं तेच औषध मी खंडूला पुन्हा देणार नाही.

दुसरा अनुभव गणपतीचा. या वेळी दुसऱ्या डॉक्टर गाठल्या आणि महिनाभर आधी गेले. त्यांनी खंडूला आधी जमिनीलगतच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. मग हृदयाचे ठोके बराच वेळ ऐकले, कारण डेनमध्ये हृदय मोठं होऊन कमजोर पडण्याचा आजार आढळतो. लिव्हर आणि किडनीसाठी रक्त घेतलं. दुसरं काही औषध चालू आहे का, हे दोनदा विचारलं. खंडूला सांध्यांच्या दुखण्यासाठी मध्यंतरी ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक होतं. भीती कमी करायला त्या ट्रॅझोडोन देणार होत्या, त्याच्याबरोबर ते गेलं तर शरीरात सेरोटोनिन हे रसायन वाढून झटक्यांपर्यंत मजल जाऊ शकते. पहिल्या वेळी हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

चिठ्ठीवर दोन औषधं आली, ट्रॅझोडोन आणि गॅबापेन्टिन. दोन्ही माणसांच्याच मेडिकलमध्ये मिळतात. मेडिकलवाल्या दादांनी गॅबापेन्टिनची कॅप्सूल संपलीय, पातळ औषध चालेल का असं विचारलं. मी डॉक्टरांना फोन लावला तर त्या जवळजवळ ओरडल्याच. माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विष आहे. दोन दिवस थांबून कॅप्सूलच घेतली.

किती मिलिग्रॅम ते मुद्दामच लिहीत नाही. वीस किलोंच्या कुत्र्याचा डोस पाहून वजनाच्या हिशेबाने गुणाकार करायचा, असं मोठ्या जातींत चालत नाही. डॉक्टरांनी खंडूला किलोमागे कमीत कमी मात्रेपासून सुरुवात करून दिली.

सगळ्यात मोलाचा सल्ला म्हणजे घरी एक रविवार रंगीत तालीम. आधी गोळ्या, मग दोन तास वाट बघणं, मग कॉलनीतल्या कॉलनीत गाडीची फेरी. तालमीत कळलं की त्याचे मागचे पाय लटपटतात आणि ते सहा-सात तास तसेच राहतात. हे रस्त्यात कळलं असतं तर? त्याला उचलायला तीन माणसं लागतात.

प्रत्यक्ष प्रवासाला पहाटे अडीचला गोळ्या दिल्या, चिमूटभर दहीभातातून. पोटभर खाणं आदल्या संध्याकाळीच उरकलं होतं. डेनचं पोट फुगून पीळ पडण्याची भीती असते, त्यामुळे भरल्या पोटी प्रवास नाहीच. साडेचारला निघालो. अर्टिगाच्या मागच्या सीट पाडून गादी घातली होती. कात्रजच्या बोगद्यात मी मागे वळून बघितलं, तर खंडू डोकं टेकवून जागा होता. हाक मारली, शेपटी हलली. उंब्रजला महामार्ग सोडला, पाटणपर्यंत तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने गाडीतून झाडं बघितली असतील. मला रडू आलं.

कुंभार्लीच्या वळणांवर लाळ आलीच. ती भीतीची नाही, गाडी लागल्याची. त्यासाठी मॅरोपिटंट नावाची वेगळी गोळी असते, ती पुढच्या वेळी विचारणार आहे. पोफळीला खाली उतरवलं तेव्हा आईच्या जुन्या नऊवारीची झोळी करून पोटाखालून आधार दिला. मोठ्या कुत्र्यासाठी ही झोळी आणि गाडीला लावायची फळी गोळ्यांइतकीच गरजेची. गुहागरच्या घराला ओटीवर चढायला पाच पायऱ्या आहेत. दीर आणि पुतण्याने पुढून धरलं, मी मागून झोळी. दुपारपर्यंत तो पडवीत झोपून होता, संध्याकाळी समुद्रावर नेहमीसारखा धावला.

या दुसऱ्या वेळच्या औषधाला गुण द्यायचे तर पाचापैकी चार. एक गुण कापला तो त्या पायांसाठी. ज्यांच्या घरी उचलायला माणसं नाहीत, त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

विमानाचं कुणी विचारेल म्हणून सांगते, गुंगी दिलेलं जनावर विमान कंपन्या सहसा घेत नाहीत. तिथे खाली सामानाच्या भागात त्याच्याकडे बघायला कुणी नसतं, म्हणून ते योग्यच आहे. रेल्वेत फर्स्ट एसीचा आख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तर कुत्रा सोबत राहतो, नाहीतर ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे गार्ड-सामानाच्या डब्यातल्या, पेटीत. गोळी दिलेल्या खंडूला मी त्या पेटीत कधीच ठेवणार नाही. श्वास कसा चाललाय, हिरड्या गुलाबी आहेत ना, हे बघणारं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.

आता माघी गणपतीला पुन्हा जायचंय. डॉक्टरांनी गॅबापेन्टिन थोडं कमी केलंय. येत्या रविवारी दुसरी तालीम, या वेळी जिन्याच्या दोन पायऱ्या धरून.